खाऱ्या हवेत दुरुस्तीचा मसाला पुन्हापुन्हा का सुटतो : सिमेंटमधील खनिज घटक आणि क्लोराइडचा शिरकाव

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत ऐकावी लागते. छज्ज्याच्या किंवा बाल्कनीच्या खालच्या अंगाचा गिलावा फुगला, एके दिवशी त्याची खपली खाली आली आणि आत गंजलेली सळई दिसली. मिस्त्रीला बोलावून सळई तारेच्या ब्रशने घासून घेतली, तिच्यावर रंग मारला, नव्या मसाल्याने जागा भरून घेतली, आणि दोन-तीन पावसाळे उलटत नाहीत तोच त्या ठिगळाच्या अगदी कडेला तांबूस रेघ उमटली. दुसऱ्या वेळी घरमालक अधिक सावध असतो. साधे सिमेंट खाऱ्या हवेत टिकत नाही, फ्लाय ॲशचे (वीज केंद्रातील बारीक राखेचे) किंवा स्लॅगचे (झोतभट्टीतील मळीचे) सिमेंट घ्या, मसाल्यात मायक्रोसिलिका (सिलिकाची अतिशय बारीक भुकटी) घाला, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. तो ते सगळे आणतो, पैसेही जास्त मोजतो, आणि तरीही काही काळाने तीच रेघ पुन्हा दिसू लागते. मग या खनिज घटकांत काही अर्थ नाही असे तो धरून चालतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा साध्या सिमेंटकडे वळतो.

हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. खनिज घटक क्लोराइडला, म्हणजे मिठातल्या सळई गंजवणाऱ्या घटकाला, अडवतात, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांना त्यासाठी पाणी आणि दिवस लागतात, आणि जे क्लोराइड आधीच काँक्रीटमध्ये बसलेले आहे त्याच्यावर नव्या ठिगळातील घटकांचा काहीच इलाज चालत नाही. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

आधी गंज कशाचा आहे ते ठरवावे

सिमेंटच्या छिद्रांतील पाणी अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा पीएच साधारण १२.५ ते १३.५ असतो. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा एक फार पातळ संरक्षक थर आपोआप बसतो आणि तो टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून ही अल्कता उतरली, म्हणजे कार्बोनेशन झाले, की हा थर सगळीकडूनच जातो आणि सळई लांबवर सारखी, तपकिरी, पापुद्रे सुटत गंजते. क्लोराइडची रीत वेगळी आहे. अल्कता शाबूत असतानाही ते एखाद्या ठिकाणी तो थर फोडते आणि तिथेच खोल खड्डा पाडत जाते. खपली काढल्याबरोबर लगेच पाहिले तर त्या खड्ड्यात काळपट-हिरवट, ओलसर गंज दिसतो आणि हवा लागल्यावर थोड्या वेळाने तो तांबूस होतो. वीतभर अंतरावर तीच सळई स्वच्छ असू शकते. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कता असेल तिथे गुलाबी होणारे द्रावण, मारल्यावर सळईभोवती गडद गुलाबी रंग आला, आणि तरीही सळई खड्ड्यांनी खाल्लेली असली, तर दोष जवळजवळ निश्चितपणे क्लोराइडचा असतो. गुलाबी रंग सळईपर्यंत आलाच नाही, तर कार्बोनेशनही झालेले आहे, आणि तसे असल्यास पुढे सांगितलेली एक सावधगिरी अधिकच महत्त्वाची ठरते.

क्लोराइड आले कुठून, हा दुसरा प्रश्न. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आतवर येऊन भिंतींवर बसतात. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या बाजूला पाऊस थेट लागतो तिथले मीठ दरवर्षी काही प्रमाणात धुऊन जाते. छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या अंगाला पाऊस लागत नाही, पण दमट हवा मात्र लागते, त्यामुळे तिथे मीठ साचतच राहते. खपल्या नेमक्या खालच्या अंगाच्या पडतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

पुष्कळदा मात्र क्लोराइड बाहेरून आलेलेच नसते. ते बांधकामाच्या दिवशीच मसाल्यात कालवलेले असते. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला एकूण क्लोराइड ०.६ किलोपेक्षा जास्त असू नये आणि त्यासाठी वापरायच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. घनमीटरला १८० लिटर पाणी धरले, तर मर्यादेतल्या पाण्यातून ९० ग्रॅम क्लोराइड जाते. विहीर मचूळ असून तिच्यात २,५०० मिलिग्रॅम असले तर एकट्या पाण्यातूनच ४५० ग्रॅम, म्हणजे परवानगीचा पाऊण भाग संपतो. न धुतलेल्या खाडीच्या वाळूत वजनाच्या ०.१ टक्का क्लोराइड असेल, तर ७०० किलो वाळूतून ७०० ग्रॅम येते आणि मर्यादा ओलांडली जाते. अशा घरात सिमेंटच्या प्रकारावर वाद घालण्याआधी विहिरीच्या पाण्याची आणि वाळूची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. ती खर्चिक नसते, आणि तिच्याशिवाय पुढचे सगळे अंदाजपंचे ठरते.

खनिज घटक नेमके काय करतात

सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, ज्याला मसाल्यातला गोंद म्हणता येईल, आणि दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना. या चुन्याने ताकद फारशी मिळत नाही. त्याचे मोठे स्फटिक वाळूच्या कणांभोवती गोळा होतात आणि नेमक्या त्याच ठिकाणी मसाला अधिक सच्छिद्र राहतो. फ्लाय ॲश, मायक्रोसिलिका, मेटाकाओलिन यांच्यातील काचेसारखी सिलिका आणि ॲल्युमिना हा चुना वापरून आणखी गोंद तयार करतात. आपल्याकडे चुन्यात विटेची सुरखी घालण्याची पद्धत होती, तीमागचे तत्त्व हेच. कमी आचेवर भाजलेल्या मातीची सुरखी चुन्याशी संयोग पावते आणि जास्त भाजून काच झालेल्या विटेची पावत नाही, हे जुन्या गवंड्यांना हाताने कळलेले होते, आणि आज मेटाकाओलिन बनवताना माती साधारण ६५० ते ८०० अंश सेल्सियसच्या दरम्यानच भाजतात, त्याचेही कारण तेच आहे.

या संयोगाने मसाल्यातली एकूण पोकळी फार कमी होते असे नाही; तिचा आकार बदलतो. मोठ्या, एकमेकींना जोडलेल्या नलिका बारीक होतात आणि मध्येच तुटतात, त्यामुळे क्लोराइडला सळईपर्यंत जाण्याची वाट लांब आणि वेडीवाकडी होते. त्याशिवाय ज्या घटकांत ॲल्युमिना भरपूर असते, म्हणजे स्लॅग, मेटाकाओलिन आणि काही अंशी फ्लाय ॲश, ते काही क्लोराइडला फ्रीडेल लवण नावाच्या घन संयुगात बांधून ठेवतात. बांधलेले क्लोराइड पुढे सरकत नाही आणि सळईला त्रास देत नाही. त्रास देते ते छिद्रांतील पाण्यात मोकळे असलेले.

समुद्रासाठी सल्फेट-रोधक सिमेंट सर्वांत चांगले, असा जो समज आहे तो याच ठिकाणी तपासून पाहावा. त्या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट मुद्दाम ५ टक्क्यांच्या आत ठेवलेले असते, आणि क्लोराइड बांधून ठेवणारा सिमेंटमधला मुख्य घटक नेमका तोच आहे. जमिनीतील सल्फेटचा त्रास असेल तिथे त्या सिमेंटचा उपयोग आहे. छज्ज्याच्या सळईला क्लोराइडपासून वाचवायचे असेल तर ते निवडण्याचे कारण नाही.

यातून किती फरक पडतो, याचा अंदाज एका साध्या हिशोबाने येतो. मसाल्याचा गुणधर्म बदलत नाही असे धरले तर क्लोराइड आत शिरण्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या वर्षात १० मि.मी. गेले तर चार वर्षांत २० आणि नऊ वर्षांत ३० मि.मी. जाईल. शिरकावाचा गुणांक, म्हणजे क्लोराइड किती सहज आत सरकते ते दाखवणारा आकडा, एक चतुर्थांश झाला तर तीच खोली गाठायला चौपट काळ लागतो, आणि कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, दुप्पट केले तरीही चौपटच लागतो. म्हणून २० मि.मी. कव्हरच्या छज्ज्यात कितीही उत्तम सिमेंट घातले तरी निम्मी लढाई कव्हरने आधीच घालवलेली असते. आयएस ४५६ मध्ये किनारी हवेसाठी ४५ मि.मी. आणि तुषार अंगावर येणाऱ्या भागासाठी ५० मि.मी. कव्हर सांगितले आहे, ते याच कारणाने. खनिज घटकांचा आणखी एक फायदा असा, की त्यांच्या मसाल्याचा गुणांक स्थिर राहत नाही. योग्य ओल मिळाली तर तो महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, उतरत जातो.

कोणता घटक कुठे उपयोगी

फ्लाय ॲशचे सिमेंट, म्हणजे दुकानात पीपीसी म्हणून मिळणारे, आयएस १४८९ प्रमाणे १५ ते ३५ टक्के राख असलेले असते. ही राख सावकाश काम करते. २८ दिवसांच्या चाचणीत तिचा मसाला साध्या सिमेंटइतकाच किंवा त्याहून थोडा वाईटही दिसू शकतो. ९० दिवसांनंतरच्या चाचणीत तो स्पष्टपणे सरस ठरतो. त्यामुळे २८ दिवसांचा कागद पाहून पीपीसीला नापास करणे अन्यायाचे आहे. राख स्वतंत्रपणे घेणार असाल तर ती आयएस ३८१२ च्या पहिल्या भागाप्रमाणे असावी, म्हणजे ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त उरू नये आणि जळून जाणारा भाग ५ टक्क्यांच्या आत असावा. वीज केंद्राच्या तळ्यात साठवलेली भरड, ओली राख स्वस्त मिळते म्हणून कोणी मसाल्यात घालत असेल, तर त्याला थांबवावे. ती वाळूचे काम करील, सिमेंटचे नाही.

स्लॅग म्हणजे पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतील मळी, पाण्याने एकदम थंड करून दळलेली. क्लोराइडच्या बाबतीत माझा सर्वाधिक विश्वास तिच्यावर आहे, पण तिचे प्रमाण पुरेसे असेल तरच. आयएस ४५५ मध्ये स्लॅगची मर्यादा २५ ते ७० टक्के इतकी रुंद आहे, आणि खाऱ्या हवेसाठी खरा फायदा साधारण ५० टक्क्यांच्या पुढे दिसतो. नुसते 'स्लॅग सिमेंट द्या' म्हणून भागत नाही. चाचणी प्रमाणपत्र मागून टक्केवारी पाहावी. स्लॅगचा मसाला काही दिवसांनी फोडला तर आतला भाग निळसर-हिरवा दिसतो. घरमालक घाबरून फोन करतात, पण तो रंग मळीतील सल्फाइडमुळे येतो, हवा लागल्यावर उतरतो आणि त्यात बिघाड काही नाही.

मायक्रोसिलिकाचा कण सिमेंटच्या कणाच्या सुमारे शंभरावा भाग असतो. ५ ते १० टक्के घातली तरी ती वाळूभोवतीची पोकळी भरून काढते आणि हे काम लवकर करते. क्लोराइड बांधून ठेवण्याची ताकद मात्र तिच्यात ॲल्युमिना नसल्याने वाढत नाही, उलट थोडी उतरते. तिचा सगळा फायदा वाट अरुंद करण्यात आहे. एवढ्या बारीक भुकटीला ओले व्हायला पाणी जास्त लागते, हेही लक्षात ठेवावे, कारण पुढची चूक इथूनच सुरू होते. मेटाकाओलिन दोन्ही कामे करते, पण आपल्याकडे किरकोळ बाजारात ते सहज मिळत नाही.

चुनखडीची भुकटी एकटी घातली तर ती मुख्यतः भरणीचे काम करते, आणि जास्त प्रमाणात घातल्यास मसाला सच्छिद्र होतो. भाजलेल्या मातीबरोबर ती घातली की चित्र बदलते. निम्मे क्लिंकर (भट्टीतून निघालेले, दळण्याआधीचे सिमेंटचे खडे), ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असे जे एलसी३ सिमेंट आहे, त्यात या दोघांच्या संयोगातून छिद्रे फार लवकर बारीक होतात आणि क्लोराइडचा शिरकाव लक्षणीयरीत्या घटतो. त्यासाठी आयएस १८१८९ : २०२३ हे भारतीय मानकही आलेले आहे. दुकानात मिळू लागेल तेव्हा किनाऱ्यासाठी त्याचा गंभीरपणे विचार करावा.

चांगला घटक वापरूनही मसाला का हरतो

पहिले कारण पाणी. दुरुस्तीचा मसाला आजही पुष्कळ ठिकाणी फरशीवर, फावड्याने आणि डोळ्यांच्या अंदाजाने कालवला जातो. ५० किलोच्या एका गोणीला पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ ठेवायचे तर एकूण पाणी २२.५ लिटर. १ : ३ च्या मसाल्यात १५० किलो वाळू आली, ती ओली असून तिच्यात ५ टक्के पाणी असले, तर ७.५ लिटर पाणी वाळूबरोबरच आलेले असते आणि वरून घालायला उरतात फक्त १५ लिटर. गवंडी इथे बादलीने २५ लिटर ओततो, कारण मायक्रोसिलिका घातलेला मसाला थापीला चिकटतो आणि पसरत नाही. गुणोत्तर ०.६५ वर जाते. मायक्रोसिलिकाने जी वाट अरुंद केली असती, ती जास्तीच्या पाण्याने पुन्हा रुंद झाली. उपाय म्हणून सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मसाला पसरता करणारे रसायन, वापरावे, ते उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत आणि पाण्यात मिसळूनच घालावा, आणि मसाला यंत्रात कालवावा. मायक्रोसिलिका गोळ्यांच्या रूपात येते. फावड्याने त्या गोळ्या फुटत नाहीत आणि फोडलेल्या मसाल्यात राखाडी ठिपके होऊन दिसतात.

दुसरे कारण दुहेरी राख. गोणी पीपीसीची असते, तिच्यात आधीच समजा ३० टक्के राख असते, आणि कंत्राटदार 'खाऱ्या हवेसाठी' म्हणून त्यातले २० टक्के सिमेंट काढून तेवढीच राख घालतो. मग एकूण राख ४४ टक्के होते. एवढ्या राखेला पुरेल इतका चुना सिमेंटमधून सुटत नाही, सुरुवातीची ताकद कमी पडते, आणि अल्कतेचा साठा घटल्यामुळे कार्बोनेशन लवकर आत शिरते. राखेची टक्केवारी गोणीवर छापलेली असते. ती वाचून मगच काय घालायचे ते ठरवावे.

तिसरे कारण, आणि माझ्या मते सर्वांत मोठे, म्हणजे पाणी मारण्यातील हयगय. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र, म्हणजे राख किंवा मळी मिसळलेल्या, सिमेंटला किमान १० दिवस क्युरिंग हवे. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर साध्या सिमेंटला १० आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस. हे आकडे काँक्रीटचे आहेत. २०-२५ मि.मी. जाडीचे ठिगळ वाऱ्यात त्याहून कितीतरी लवकर सुकते. राखेचा आणि मळीचा संयोग पाण्यात होतो. पाणी संपले की तो थांबतो, आणि मग गोणीवर लिहिलेले ते ३० टक्के म्हणजे नुसती भुकटी उरते. त्या अवस्थेत मिश्र सिमेंटचा मसाला साध्या सिमेंटच्या मसाल्यापेक्षाही वाईट निघू शकतो. 'पीपीसी वापरले आणि उलट लवकर बिघडले', असे लोक सांगतात तेव्हा मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. त्यांनी पाहिलेले खरे असते. कारण फक्त वेगळे असते.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका घरी हे मी जवळून पाहिले. एकाच गोण्यांतून, एकाच गवंड्याने, एकाच आठवड्यात घराच्या दोन बाजूंचे छज्जे भरले होते. पश्चिमेच्या बाजूला सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारले गेले. दुपारच्या उन्हाने आणि वाऱ्याने ते तासाभरात सुकत असे. पूर्वेच्या छज्ज्याखाली घरातील आजींनी गोणपाट बांधून घेतले होते आणि दिवसातून चार-पाचदा तांब्याने ते भिजवत होत्या, पुरते दोन आठवडे. तीन वर्षांनी दोन्हीकडचे तुकडे काढून त्यांवर, शेवटी सांगितलेल्या चाचणीप्रमाणे, सिल्व्हर नायट्रेट फवारून पाहिले. पश्चिमेकडच्या तुकड्यावर क्लोराइडचा पांढरा पट्टा सळईच्या जवळ पोचलेला होता; पूर्वेकडे तो वरच्या कातडीपुरताच होता. समुद्र पश्चिमेला असल्याने मीठ तिकडे जास्त आले हे खरे, तरी पूर्वेकडचा तुकडा हातोडीखाली ज्या टणत्काराने फुटला तसा पश्चिमेकडचा फुटला नाही. तो भुसभुशीत होता, नखाने त्याची कड सुटत होती. तेव्हापासून मी छज्ज्याच्या खालच्या अंगाला ओले गोणपाट फळीने दाबून बसवायला आणि त्यावरून प्लास्टिक गुंडाळायला सांगतो. नळीने पाणी मारणे खालच्या अंगाला उपयोगाचे नाही, कारण ते थांबतच नाही.

क्युरिंगचे पाणी गोडे असावे, हे वेगळे सांगायला नको, पण मचूळ विहिरीचे पाणी सर्रास वापरले जाते म्हणून सांगतो. कोवळ्या मसाल्यावर रोज खारे पाणी ओतणे म्हणजे वाट उघडी असतानाच क्लोराइडला आत घेणे होय.

कार्बोनेशनबद्दलची सावधगिरीही इथेच सांगतो. खनिज घटक चुना खर्च करतात, त्यामुळे त्यांच्या मसाल्याची अल्कता थोडी कमी असते, आणि कार्बोनेशन झाले की फ्रीडेल लवणात बांधलेले क्लोराइड पुन्हा मोकळे होते. पावसापासून झाकलेल्या पण हवा लागणाऱ्या जागी ही दोन्ही संकटे एकत्र येतात. जिथे तपासणीत गुलाबी रंग सळईपर्यंत आलेला नव्हता, तिथे ठिगळ वाळल्यावर वाफ बाहेर जाऊ देणारा कार्बोनेशनरोधक रंग लावून घ्यावा.

रेघ ठिगळाच्या कडेलाच का उमटते

आता मूळ तक्रारीकडे येतो. समजा मसाला उत्तम कालवला, चौदा दिवस भिजवला, क्लोराइड त्यातून आत जात नाही. तरीही कडेला रेघ येते. याचे कारण ठिगळात नसून त्याच्या शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये असते. सळई जिथे गंजत होती ती जागा आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत होती, कारण गंजणाऱ्या जागेकडून येणारे इलेक्ट्रॉन शेजारच्या भागाला गंजू देत नाहीत. ती जागा स्वच्छ करून तिथे क्लोराइडविरहित, अल्कधर्मी मसाला भरला की तिथला गंज थांबतो, आणि त्याबरोबर शेजाऱ्याचे संरक्षणही संपते. शेजारच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड होतेच; आता गंजण्याची पाळी त्याची येते, आणि ठिगळातील स्वच्छ सळई त्याला मदत करते. यात मसाल्याचा दोष नाही.

म्हणून तोडताना दिसते तेवढीच खपली काढून थांबू नये. गंजलेली सळई संपून स्वच्छ सळई दिसेपर्यंत, आणि शक्यतो त्यापुढेही थोडे, काँक्रीट काढावे. सळईच्या मागे बोट फिरेल एवढी, साधारण २० ते २५ मि.मी., जागा मोकळी करावी, कारण सळईच्या मागच्या अंगालाही मीठ अडकून राहते. त्याआधी छज्ज्याला खालून टेकू द्यावा. कडा कटरने किमान १० मि.मी. खोल, काटकोनात कापाव्यात. निमुळती होत शून्याला मिळणारी कड हमखास सुटते. खड्ड्यांतील गंज तारेच्या ब्रशने निघत नाही, तो वाळूच्या माऱ्याने काढून सळई गोड्या पाण्याने जोरात धुवावी. सळईची जाडी फार खाल्ली गेली असेल तर नवी सळई जोडण्याचा निर्णय संरचना अभियंत्याकडून घ्यावा. शेजारचे काँक्रीट काढणे शक्य नसेल, तर ठिगळाच्या कडेने सळईला जस्ताचे ॲनोड बांधता येतात. सळईऐवजी जस्त गंजते, आणि म्हणून त्यांना आयुष्य असते. पुढे कधीतरी ते बदलावे लागतात.

स्वतः करून पाहण्याजोगी चाचणी

मसाला ठरवण्याआधी दोन-तीन प्रकार कालवून त्यांचे ठोकळे पाडून ठेवावेत, म्हणजे वाद मिटतात. प्रत्येक प्रकाराचे निम्मे ठोकळे चौदा दिवस पाण्यात आणि निम्मे दोन दिवसांनंतर हवेत ठेवावेत. दोन महिन्यांनी सगळे वजनाच्या ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवावेत. आणखी दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून, पाण्याने न कापता, छिन्नीने कोरडे फोडावेत आणि ताज्या पृष्ठभागावर सिल्व्हर नायट्रेटचे ०.१ नॉर्मल द्रावण, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्याच्या एका लिटरला सुमारे १७ ग्रॅम, बारीक फवाऱ्याने मारावे. क्लोराइड पोचले आहे तिथे दुधी पांढरा पट्टा दिसतो आणि आतला भाग तपकिरी होतो. ती सीमारेषा लगेच पेन्सिलीने आखून मोजावी, कारण उजेडात पांढरा भाग जांभळट-करडा पडत जातो आणि मग काही कळत नाही. द्रावण कातडीवर काळे डाग पाडते आणि डोळ्यांना घातक आहे. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. ज्या भागात कार्बोनेशन झाले आहे तिथे क्लोराइड नसतानाही तपकिरी रंग येत नाही, म्हणून शेजारच्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारून खात्री करून घ्यावी. एकाच सिमेंटच्या भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या ठोकळ्यांत जो फरक दिसतो, तो गवंड्याला आणि घरमालकाला शेजारी उभे करून दाखवावा.

प्रयोगशाळेत गेलात तर बहुतेक ठिकाणी एएसटीएम सी १२०२ या अमेरिकी मानकाची चाचणी मिळते. १०० मि.मी. व्यासाच्या, ५० मि.मी. जाडीच्या चकतीवर ६ तास ६० व्होल्टचा दाब ठेवून किती विद्युतभार पार गेला ते कूलंबमध्ये मोजतात. ४,००० च्या वर असेल तर क्लोराइड सहज शिरते, १,००० ते २,००० म्हणजे कमी, आणि १०० ते १,००० म्हणजे फार कमी, असे तिचे वर्गीकरण आहे. ही चाचणी प्रत्यक्षात क्लोराइड मोजत नाही, वीजवहन मोजते. खनिज घटकांमुळे छिद्रांतील पाण्यातले आयन कमी झाले तरी आकडा खाली येतो, आणि नायट्राइटचे गंजरोधक घातले असेल तर तो विनाकारण वाढतो. एकाच प्रकारच्या मसाल्यांची तुलना करायला तिचा उपयोग करावा, आणि मिश्र सिमेंटचे नमुने २८ ऐवजी ५६ किंवा ९० दिवसांनी द्यावेत. नमुना पाठवताना मसाला कोणत्या तारखेला कालवला आणि किती दिवस ओला ठेवला, हे पिशवीवर लिहून पाठवावे, म्हणजे आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येतो.